‘आशियाई’ म्हणजे कोण? : सेलेस्ट इंग यांची एक कादंबरी आणि वऱ्हाडातील एक वाचक

गेल्या सत्रात आमच्या विभागाच्या वाचनमंडळात पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी सेलेस्ट इंग या अमेरिकन लेखिकेची ‘अवर मिसिंग हार्ट्‌स’ (२०२२) ही कादंबरी चर्चेस घेतली. चर्चा दोन बैठका चालली आणि तरीही अपुरी राहिली. काही विद्यार्थ्यांना कादंबरी अतिशय आवडली होती, काहींना ती भाबडी वाटली. प्रस्तुत लेखकास मात्र दोन्ही मते एकाच वेळी मान्य करावीशी वाटली. अध्यापकाने अशी दोन्ही दरडींवर पाय ठेवणारी भूमिका घेऊ नये, असे एका विद्यार्थिनीने भर बैठकीत सुनावले. तिचे म्हणणे रास्त होते. तेव्हा त्या द्विधा मताची कारणे शक्य तितकी स्पष्ट करून सांगावीत, एवढाच या टिपणाचा हेतू आहे. लेखकाचे क्षेत्र भाषाविज्ञानाचे असल्यामुळे कादंबरीच्या कलागुणांपेक्षा तिच्यातील शब्दव्यवहाराकडेच लक्ष अधिक वेधले गेले, हेही आरंभीच नमूद केलेले बरे.

ज्या वाङ्मयप्रकारास इंग्रजीत ‘डिस्टोपिया’ म्हणतात त्यास मराठीत सर्वमान्य संज्ञा अद्याप रुळलेली नाही. येथे ‘भयलोक’ हा शब्द योजला आहे. आजच्या समाजात बीजरूपाने असलेली एखादी वृत्ती उद्या पूर्ण वाढीस लागली तर काय होईल, याचे चित्र असा ग्रंथ रंगवितो. इंग यांच्या भयलोकात अमेरिकेवर काही वर्षांपूर्वी एक मोठे आर्थिक अरिष्ट कोसळून गेले आहे. त्याचे खापर चीनवर फुटले आहे आणि ओघानेच चिनी वा तत्सम चेहऱ्याच्या प्रत्येक माणसावर. अमेरिकन संस्कृती व परंपरा यांच्या जतनासाठी म्हणून एक कायदा संमत झाला आहे. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांपासून ‘पॅक्ट’ असा शब्द होतो, म्हणजे करार. या कायद्यान्वये राष्ट्रविरोधी विचारांचा प्रसार निषिद्ध आहे, संशयिताची खबर देणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे आणि घातक विचारांच्या घरातून मुलांना ‘संरक्षणार्थ’ काढून घेण्याचा अधिकार शासनास आहे. कथानायक बर्ड हा बारा वर्षांचा मुलगा आहे. त्याची आई मार्गारेट मिउ ही चिनी वंशाची कवयित्री. तिच्या कवितेतील एक शब्दसमूह आंदोलकांनी फलकावर लिहिला आणि त्यामुळे मुलगा हिरावला जाण्याचा धोका निर्माण झाला, म्हणून ती तीन वर्षांपूर्वी घर सोडून गेली आहे. वडील ईथन हे एकेकाळचे भाषाशास्त्रज्ञ. आता विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तके जागेवर लावण्याचे काम करतात. मांजरांच्या चित्रांनी भरलेले एक पत्र येते आणि मुलगा आईच्या शोधास निघतो.

या कादंबरीचे पहिले श्रेय असे की, दमनाची भाषा कशी घडते हे तिने अचूक ओळखले आहे. ऑर्वेल यांच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) या ग्रंथाला एक परिशिष्ट जोडलेले आहे. त्यात राज्यसत्ता एक नवीनच भाषा कृत्रिमरीत्या तयार करते, शब्दसंख्या घटविते आणि अशा रीतीने विचार करण्याची शक्यताच नष्ट करू पाहते. ही कल्पना अद्‌भुत असली तरी भाषाविज्ञानाच्या कसोटीवर ती फारशी टिकत नाही. शब्द नसला म्हणून विचार थांबत नाही, माणसे दुसरा शब्द शोधतात. इंग यांच्या भयलोकात नवीन भाषा घडवावी लागत नाही. ‘संरक्षण’, ‘बालक’, ‘परंपरा’, ‘जबाबदार नागरिक’ हे सर्व शब्द जुनेच आणि कोशातल्याच अर्थाचे आहेत. बदलतो तो फक्त त्यांचा विनियोग. कोणापासून संरक्षण, हा प्रश्न विचारला जात नाही एवढ्याने काम भागते. वस्तुस्थितीशी हे वर्णन अधिक जुळणारे आहे.

दुसरी एक लहानशी गोष्ट. आईने मुलाला ‘बर्ड’ म्हटले. ती गेल्यावर वडील त्याला ‘नोआ’ या कागदोपत्री नावानेच हाक मारू लागतात. शब्दांच्या व्युत्पत्ती सांगण्यात रमणारा हा मनुष्य स्वतःच्या मुलाचे घरगुती नाव भीतीपोटी टाकून देतो. कादंबरीत एवढे बोलके दुसरे काही नाही, असे लेखकाचे मत आहे.

येथपर्यंत स्तुती झाली. अडचण सुरू होते ती ‘आशियाई’ या शब्दापाशी.

कादंबरीतील संशय ‘आशियाई वंशाच्या’ लोकांवर आहे. हा शब्द आम्ही वाचतो तेव्हा त्यात आम्ही असतो की नसतो? एका विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारला तेव्हा प्रथम हशा झाला, मग बराच वेळ कोणी बोलले नाही. अमेरिकन व्यवहारात ‘आशियाई’ म्हटले की डोळ्यांपुढे आधी चिनी, जपानी वा कोरियन चेहरा येतो. ब्रिटनमध्ये तोच शब्द मुख्यतः भारत, पाकिस्तान व बांगला देश येथून आलेल्यांना लावला जातो. पूर्व आफ्रिकेत ‘एशियन’ म्हणजे हिंदी उपखंडातील माणूस. १९७२ साली इदी अमीन याने युगांडातील ‘एशियन’ लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला तेव्हा तो या अर्थानेच. मराठीत मात्र ‘आशियाई’ हे विशेषण क्रीडास्पर्धांपलीकडे फारसे गेलेले नाही. वऱ्हाडातील कोणी मनुष्य आपली ओळख ‘मी आशियाई’ अशी करून देत असल्याचे लेखकाच्या ऐकिवात नाही. म्हणजे हा शब्द ज्यांना लावला जातो त्यांनी तो निवडलेला नसतो. बाहेरच्याने, आपल्या सोयीने, नकाशावर बोट ठेवून तो दिलेला असतो.

याचे सर्वांत उद्‌बोधक उदाहरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांत सापडते. १७९० च्या कायद्याप्रमाणे तेथे नागरिकत्व ‘स्वतंत्र गौरवर्णीय व्यक्ती’लाच मिळू शकत होते, १८७० साली त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाचा अर्ज न्यायालयापुढे आला. त्याची त्वचा गोरी होती, इंग्रजी उत्तम होती. न्यायालयाने सांगितले की, गौरवर्णीय याचा अर्थ त्वचेच्या रंगावरून ठरत नाही. ‘कॉकेशियन’ वंशाचा माणूस तो गौरवर्णीय. ओझावा त्या वंशाचा नाही, म्हणून अर्ज फेटाळला. तीन महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, भगतसिंग थिंद या पंजाबी शीख गृहस्थाचे प्रकरण आले. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकन सैन्यात होते. तत्कालीन वंशशास्त्रज्ञ उत्तर हिंदुस्थानातील लोकांना कॉकेशियनांतच मोजत असत. तेव्हा आधीच्या निकालानुसार थिंद यांना नागरिकत्व मिळावयास हवे होते. परंतु आता न्यायालयाने शास्त्रज्ञांची व्याख्या बाजूस ठेवली आणि सामान्य माणूस ‘गोरा’ या शब्दाने जे समजतो तोच कायद्याचा अर्थ, असे ठरविले. दोन्ही निकालपत्रे न्यायमूर्ती सदरलंड यांनीच लिहिलेली आहेत. शब्द तोच, लेखणी तीच. अर्थ मात्र तीन महिन्यांत पालटला.

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याने या निकालातील आणखी एक विधान लक्षात ठेवावे. थिंद यांच्या बाजूने ‘आर्य’ या शब्दाचा आधार घेतला गेला होता. त्यावर न्यायालयाने म्हटले की, ‘आर्य’ ही संज्ञा भाषेशी संबंधित आहे, शरीरलक्षणांशी नाही. शास्त्रदृष्ट्या हे अगदी बिनचूक आहे. आम्ही प्रथम सत्रात हेच शिकवितो. एक बिनचूक भाषावैज्ञानिक सिद्धान्त एका अन्यायाच्या कामी कसा आला, हे पाहून मन अस्वस्थ होते. या निकालानंतर अनेक हिंदी लोकांना आधी मिळालेले नागरिकत्वही काढून घेण्यासाठी कारवाई झाली. थिंद यांच्या वकिलांत सखाराम गणेश पंडित हे एक होते (हे नाव वाचताच मराठी वाचकाचे कान टवकारावेत). त्यांच्यावरही अशी कारवाई झाली, पण ते लढले आणि आपले नागरिकत्व टिकवू शकले.

परंतु थिंद यांच्या बाजूने केलेला युक्तिवाद केवळ भाषेचा नव्हता. उच्च जातीचा हिंदू हा विवाहसंबंधाच्या बाबतीत येथील आदिवासींकडे ज्या दृष्टीने पाहतो, ती गोऱ्या अमेरिकनाच्या निग्रोंविषयीच्या दृष्टीसारखीच आहे, अशा आशयाचे म्हणणेही त्यात होते. आम्हीही तुमच्यासारखाच भेद पाळतो, म्हणून आम्हाला तुमच्यात घ्या! इंग यांच्या कादंबरीत असा एकही पीडित नाही. तेथे पीडित हे सर्वस्वी पीडित आहेत. लेखकाच्या मते हा कादंबरीचा खरा दोष आहे, कारण पूर्वग्रह पीडिताच्या मनातही घर करून असतो, ही गोष्ट वगळल्याने भयलोक सोपा होऊन जातो.

तो आपल्याकडे सोपा नव्हता. १९६२ च्या युद्धानंतर भारतात राहणाऱ्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना, बायकामुलांसह, राजस्थानातील देवळी येथील छावणीत ठेवण्यात आले. आसाम व उत्तर बंगालमधील कित्येक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेली होती. त्या वर्षी परकीयांविषयीच्या कायद्यात जी दुरुस्ती झाली, तीनुसार आईवडील किंवा आजा-आजी यांपैकी कोणी शत्रुराष्ट्राचे नागरिक असले तरी त्या माणसास परकीय मानण्याची सोय झाली. १९४२ साली अमेरिकेने सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडले, हे आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक होते. देवळीचे नाव मात्र एकालाही माहीत नव्हते. आशियाई माणसाविरुद्धचा पूर्वग्रह आशियातच, आपल्याच कायद्याच्या भाषेत, नांदू शकतो. मुंबईचे पत्रकार दिलीप डिसोझा यांनी जॉय मा यांच्यासह देवळीवर ‘द देवलीवालाज’ (२०२०) हे पुस्तक लिहिले आहे. याच डिसोझा यांनी त्यापूर्वी, २००१ साली, विमुक्त जमातींवर ‘ब्रँडेड बाय लॉ’ हा ग्रंथ लिहिला होता. दोन्ही विषय एकाच लेखकाकडे जावेत हे स्वाभाविक आहे. दोन्ही ठिकाणी माणूस काय करतो यापेक्षा तो कोणाचा वंशज आहे, यावरून कायदा चालला.

आणि येथेच बुलढाणा जिल्ह्यातील वाचकाचा कादंबरीशी दुसरा, अधिक खोल मतभेद होतो.

शासनाने मुले आईबापांपासून तोडणे हे इंग यांनी भविष्यकाळात ठेवले आहे. अमेरिकेच्या इतिहासात तसे पूर्वी घडले आहे, याची जाणीव त्यांनी ग्रंथाच्या शेवटी दिली आहे. त्यांच्यावर अज्ञानाचा आरोप करता येणार नाही. पण आपल्याकडे हे छापील कलम होते. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १८९७ साली दुरुस्त झाला, तेव्हा चार ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारगृहात ठेवण्याची तरतूद त्यात आली. १९११ च्या कायद्याने व पुढे १९२४ च्या कायद्याने ती थोड्या फरकाने कायम ठेवली. मुंबई इलाख्यात सोलापूर येथे तारेच्या कुंपणातील वसाहत होती. हजेरी आणि परवाना यांवर तेथील माणसाचे जिणे चाले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि या जमातींना ‘विमुक्त’ हे नाव मिळाले. नाव चांगल्या हेतूने दिलेले आहे. तथापि ‘कशापासून मुक्त?’ हा प्रश्न त्या नावाच्या पोटातच बसलेला आहे आणि ते उच्चारताना दर वेळी त्याचे उत्तर द्यावे लागते.

बुलढाणा जिल्ह्यात चिखली, मेहकर या भागांत पारध्यांचे बेडे आहेत. ‘पारधी’ हा शब्द ‘पारध’ म्हणजे शिकार यावरून आला. संस्कृत कोशांत मृगया या अर्थी ‘पापर्द्धि’ असा शब्द मिळतो. त्याची फोड ‘पाप’ आणि ‘ऋद्धि’ अशी केली जाते. लेखकाचा अंदाज असा की, मूळ शब्द प्राकृत ‘पारद्धि’ हाच असून त्यास मागाहून संस्कृत पोशाख चढविला गेला, आणि पोशाख चढविणाऱ्याने शिकाऱ्याच्या धंद्यात पाप पाहिले. तसे असेल तर या जमातीच्या नावावर ठपका ठेवण्याचे काम इंग्रजांच्या पुष्कळ आधी सुरू झाले होते. पारध्यांची बोली गुजरातीस जवळची आर्य भाषा आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणात तिचा समावेश भिल्ल भाषांच्या भागात (१९०७) केलेला आहे.

येथे एक स्वानुभव सांगणे भाग आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी प्रबंधाच्या कामासाठी लेखक अशाच एका बेड्यावर जात असे. जुन्या प्रशासकीय टिपणांत भटक्यांच्या बोलींना सर्रास ‘गुप्त भाषा’ म्हटलेले वाचले होते. वहीच्या पहिल्या पानावर तोच मथळा लिहिला होता. एका वृद्ध बाईने नातवाकडून तो मथळा वाचून घेतला. नातू शाळेत जाणारा होता, त्याने तो मोठ्याने, अडखळत वाचला. बाई म्हणाली, ‘‘मास्तर, आमी आमच्या लेकरायशी बोलतो, थे कोनापासून लपवतो गा?’’ लेखकापाशी उत्तर नव्हते. मथळा खोडला, पण प्रबंधाच्या कच्च्या मसुद्यात तो आणखी दोन ठिकाणी राहिलेला पुढे मार्गदर्शकांनी दाखवून दिला. ज्या बोलीची ध्वनिव्यवस्था, नामरूपे व क्रियारूपे आपण स्वतः नोंदविली आहेत, तिला गुप्त म्हणण्यास शास्त्रीय आधार कोणता होता? एकही नाही. हवालदाराला कळत नाही ती भाषा गुप्त, ही व्याख्या हवालदाराची. भाषाशास्त्रज्ञाने ती न तपासता उचलली होती.

त्यामुळे ईथन हे पात्र वाचताना लेखकास अधिक काही हवे होते. ईथन हा भाषेचा अभ्यासक. कायद्याच्या शब्दयोजनेतील कपट त्याला इतरांच्या आधी कळावयास हवे. तो गप्प राहतो, हे समजू शकते. भीतीचे वर्णन प्रामाणिक आहे. पण त्याच्या विद्येचा या व्यवस्थेशी काही संबंध आहे काय, कोश, सर्वेक्षणे, वर्गीकरणे ही त्या कायद्याला सामग्री पुरवितात काय, याचा विचार कादंबरी करीत नाही. तेथे व्युत्पत्ती म्हणजे केवळ बापलेकांतील मायेचा एक धागा आहे. कादंबरीत शब्दांची मुळे पुष्कळ सांगितली आहेत. परकी ठरविलेल्या माणसांची स्वतःची बोली मात्र फार थोडी ऐकू येते.

उत्तरार्धात ग्रंथपाल गुप्तपणे हिरावलेल्या मुलांची माहिती जमवितात. आई न्यूयॉर्क शहरभर छोटे ध्वनिक्षेपक लपवून ठेवते आणि त्यांतून त्या मुलांच्या हकिकती सांगत राहते. ती परत येत नाही. हा भाग भावस्पर्शी आहे. आमच्या वाचनमंडळात दोघींचे डोळे पाणावले होते आणि त्यांना हसणाऱ्यांचा लेखकास राग आला. परंतु हकीकत ऐकली की लोक थबकतील, हा विश्वास आपल्या अनुभवाशी ताडून पाहावा लागतो. सोलापूरच्या वसाहतीतील हकिकती ऐकणारे कोणी नव्हते असे नाही. हजेरीपट मांडणाऱ्यांच्या त्या रोज कानी पडत होत्या. मराठी वाचक थबकला तो कायदा रद्द होऊन पाव शतक उलटल्यावर. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली. दोहोंना साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. या दोन्ही शीर्षकांकडे भाषिक दृष्टीने पाहावे. बाहेरच्याने शिवीसारखा फेकलेला शब्द लेखकाने उचलला आणि स्वतःच्या पुस्तकावर छापला. त्यासाठी आधी शाळेतील प्रमाण मराठी, म्हणजे ज्या भाषेत हजेरी घेतली जाई तीच भाषा, आत्मसात करावी लागली होती. त्या शिक्षणात आईची बोली किती मागे पडली, हा हिशोब या आत्मकथनांत जागोजागी दिसतो. इंग यांच्या मार्गारेटला तो मांडावा लागत नाही. तिची भाषा आणि तिला परकी ठरविणाऱ्यांची भाषा एकच आहे.

विद्यार्थिनीच्या आक्षेपास उत्तर द्यावयाचे तर ते असे. कादंबरी वाचावी, अभ्यासक्रमात घ्यावी, कारण कायद्याची सौजन्यपूर्ण भाषा तिने उघडी पाडली आहे. मात्र ती एकटी शिकवू नये. पुढील सत्रात तिच्यासोबत थिंद खटल्याचे निकालपत्र, ‘उपरा’ आणि १८७१ च्या कायद्याचा आरंभीचा भाग वाचावा, असे मंडळाने ठरविले आहे. कायद्याच्या मराठी भाषांतराचे काम चार विद्यार्थ्यांकडे दिले होते. त्यांनी काम जवळजवळ पुरे केले. एका ठिकाणी मात्र ते अडले. एखादी संपूर्ण जमात गुन्हे करण्यास ‘ॲडिक्टेड’ आहे, असे त्यात म्हटले आहे. एकाने ‘व्यसनाधीन’ लिहिले, दुसऱ्याने ‘सरावलेली’, तिसऱ्याने ‘सवयीची’. चौथी विद्यार्थिनी चिखलीकडची. तिचे म्हणणे असे की, क्रियापद कोणतेही घ्या, मराठीत ‘जमात’ हा त्याचा कर्ता होऊच शकत नाही. व्यसन माणसाला लागते. तिला उत्तर म्हणून व्याकरणातून समूहवाचक नामांची काही उदाहरणे काढून दाखविली. तिने ती वाचली, परत दिली, आणि भाषांतरात ती जागा अजून कोरी आहे.